रविवारची सायकल, सोमवारची सायकल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

डिसेंबर लागला की नाशिककरांच्या बोलण्यात निफाडचा पारा येतो. काल किती होता, आज किती उतरला, याची चौकशी चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत चालते. द्राक्षबागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. अशा गारठ्यात एखाद्या रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला त्र्यंबक रस्त्यावर, सातपूरच्या आसपास उभे राहून पाहा. तुम्हाला दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतील.

पहिले घोळक्याने येतात. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लुकलुकतो आहे. यांत डॉक्टर असतात, इंजिनीअर असतात, वकील, बँकेतले अधिकारी, कॉलेजातली मुले-मुली असतात. महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकला जायचे, किंवा पेगलवाडी फाट्यावरून वळून पहिन्याच्या बाजूने डोंगरात शिरायचे, वाटेत मिसळ खायची आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचे, असा त्यांचा बेत असतो. दुसरा सायकलस्वार बहुधा एकटा असतो. कानटोपी, मफलर, हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी. रात्रपाळी संपवून तो घराकडे निघालेला असतो. समोरून येणाऱ्या घोळक्याकडे तो एकदा पाहतो आणि पायडल मारत राहतो.

रस्ता एकच, वाहनही एकच. पण या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. आज मला सायकलच्या सहलीचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो सांगायचा तर या दोघांचाही सांगावा लागतो. कारण सायकलवरून डोंगर पाहायला जाणे ही दिसायला साधी गोष्ट असली, तरी तिच्यासाठी चार गोष्टी लागतात. रस्ता लागतो, चाक लागते, सुट्टीचा दिवस लागतो आणि चाक बिघडले तर ते दुरुस्त करणारा हात लागतो. या चारही गोष्टी कोणीतरी मिळवलेल्या आहेत.

आधी एक शब्दांची गंमत सांगतो. शब्दांवर माझे पोट नसले तरी जीव आहे. सफर, सैर, मुक्काम, मुलूख, मुसाफिर आणि खुद्द रस्ता, हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘मजल दरमजल’ म्हणताना आपल्या मनात कोणाच्याही ‘मंझिल’ येत नाही, इतकी ती मजल मराठी झाली आहे. वारी, यात्रा, तीर्थाटन हे आपले जुने शब्द होतेच. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पायी पंढरपूरला जाते, तिला सायकलची गरज कधी पडली नाही. पण या सगळ्या प्रवासांना काही कारण होते. कोणी देवासाठी निघे, कोणी व्यापारासाठी, कोणी मोहिमेवर, कोणी पोटासाठी. ‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी १८५७ साली घरून निघाले ते दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून. डोंगर नुसता पाहायचा, वारा अंगावर घ्यायचा आणि परत यायचे, एवढ्यासाठी घर सोडणे ही सामान्य माणसाच्या आयुष्यात फार उशिरा आलेली चैन आहे.

आता रस्ता. नाशिकच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. वय सुमारे एकोणीसशे वर्षे. हा उषवदात शक होता, म्हणजे बाहेरून आलेल्यांपैकी. आपण काय काय दान केले हे त्याने दगडात कोरून ठेवले आहे. त्यात गाई आहेत, गावे आहेत; पण मला भावते ती पुढची यादी. भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी-तळी खोदली. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट उतरता यावे म्हणून नावा ठेवल्या. यातले गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचे. सोपाऱ्याच्या बंदरातून थळ घाट चढून नाशिकमार्गे पुढे पैठणकडे जाणारी व्यापाराची वाट याच परिसरातली. रस्ता म्हणजे नुसती माती आणि खडी नसते. वाटेत पाणी, रात्रीला छप्पर आणि नदीवर नाव, एवढे मिळून रस्ता होतो. हे या मातीत एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणाला तरी कळले होते.

त्याच थळ घाटाला आज आपण कसारा घाट म्हणतो. १८६५ साली आगगाडी या घाटाने इगतपुरीला पोचली. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तिचा तीव्र चढ. अजूनही गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिन लावावे लागते. सायकलवाल्याला ते मागचे इंजिन नसते.

आणि चाक आले ते इंग्लंडातून. सायकलची बाळपावले जर्मनीत आणि फ्रान्समध्ये पडली असली, तरी सायकलवरून सहलीला जाण्याची संघटित रीत इंग्लंडने घातली. १८७८च्या ऑगस्टमध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेट या गावी काही तरुणांनी ‘बायसिकल टूरिंग क्लब’ काढला. पाच वर्षांनी त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाले. त्या वेळची सायकल म्हणजे पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे ताटलीएवढे. उतारावर एखादा दगड आडवा आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर. म्हणून या क्लबने पहिल्या काही कामांत एक काम केले. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. १८८५ साली स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीची ‘रोव्हर’ सायकल आणली आणि १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर केला. आज आपल्या दारात उभी असते ती सायकल इथून सुरू होते.

इंग्लंडचे डोंगर म्हणजे फार मोठे असतील असे कोणाला वाटेल. तसे नाही. तिथले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटरचे आहे. डर्बीशरचा प्रसिद्ध डोंगराळ प्रदेश, जिथे मँचेस्टर आणि शेफील्डचे कामगार सुट्टीला जात, त्याचा सर्वोच्च माथा ६३६ मीटर. आपले नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर वसलेले आहे आणि शेजारचे कळसूबाई १६४६ मीटर. पण उंचीवर जाऊ नका. आपला घाटरस्ता वळसे घेत घेत चढतो. तिथल्या जुन्या गाववाटा टेकडी आली की सरळ तिच्या अंगावर जातात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत काही ठिकाणी तीन फुटांना एक फूट असा चढ आहे. त्यात हिवाळा. डिसेंबरअखेरीस तिथे दिवस जेमतेम साडेसात-आठ तासांचा, वर पाऊस, धुके आणि कधी रस्त्यावर काचेसारखा बर्फ. नाशकात त्याच दिवसांत अकरा तासांच्या आसपास उजेड असतो आणि नऊ वाजले की स्वेटर कमरेला बांधावा लागतो. तरीही ते लोक जात. शनिवारी दुपारी निघत, रात्री एखाद्या गावच्या खानावळीत ओले कपडे विस्तवापुढे वाळत घालत आणि रविवारी अंधार पडायच्या आत परतत. क्लबने गावोगावच्या हॉटेलांशी दर ठरवून घेतले होते. पंख लावलेल्या चाकाची खूण भिंतीवर दिसली की सायकलवाल्याने समजावे, इथे आपले स्वागत आहे.

स्वागत मात्र सगळ्यांचे होईलच असे नव्हते. १८९८च्या ऑक्टोबरमध्ये लेडी हार्बर्टन नावाच्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या बाई सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या हॉटेलात सायकलवरून पोचल्या. सायकल चालवायला सोयीची म्हणून त्यांनी लांब झग्याऐवजी ढगळ विजार घातली होती. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना मुख्य दालनात बसू दिले नाही. बसायचे तर पलीकडे, पुरुषांच्या दारूच्या खोलीत बसा म्हणाल्या. क्लबने खटला भरला. १८९९ साली तो कोर्टात चालला आणि क्लब हरला. बायकांनी कोणते कपडे घालावेत आणि कुठे बसावे, याची भांडणे केवळ आपल्याकडचीच आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कायद्याची दुसरी एक गोष्ट मात्र सायकलवाले जिंकले होते. १८८८ साली इंग्लंडच्या एका कायद्याने सायकल हे इतर गाड्यांसारखेच वाहन आहे असे मान्य केले. म्हणजे बग्गीवाल्याचा जितका हक्क रस्त्यावर, तितकाच सायकलवाल्याचा. घोड्यावर बसलेला माणूस आता त्याला ‘बाजूला हो’ म्हणू शकत नव्हता. त्याआधीच, १८८६ साली, सायकलवाल्यांच्या संघटनांनी चांगल्या रस्त्यांसाठी स्वतंत्र मंडळ काढले होते. गुळगुळीत रस्ता ही मोटारवाल्यांची मागणी असे आपण धरून चालतो. ती आधी सायकलवाल्यांनी केली. पुढे मोटारी आल्या, रस्ते मोटारींचे झाले आणि ज्यांनी मागणी केली ते कडेला गेले.

रस्ता झाला, चाक झाले. पण सोमवार ते रविवार कामावर जाणाऱ्याला चाक देऊन उपयोग काय? इंग्लंडात १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. मग हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतरांपर्यंत पोचली. या अर्ध्या दिवसावर सायकलच्या सहली उभ्या राहिल्या. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये ‘क्लॅरियन सायकलिंग क्लब’ निघाला. ‘क्लॅरियन’ हे समाजवादी विचारांचे साप्ताहिक. त्याचे तरुण वाचक रविवारी टेकड्यांमध्ये हिंडत आणि जाता जाता खेड्यांतून पत्रके वाटत, सभा घेत. आपल्याला मिळालेली मोकळी हवा कारखान्यातल्या सोबत्यालाही मिळावी, हा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडचा रविवार कोणी मिळवून दिला? शाळेतल्या मुलांना विचारा, बहुतेक ‘इंग्रजांनी’ म्हणतील. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नावाची वस्तू नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४च्या सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागणी मांडली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला. रविवारच का, तर तो आमच्या खंडोबाचा वार, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. १८९०च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण आकाशवाणीवर रविवारचे कार्यक्रम ऐकतो, रविवारची पुरवणी वाचतो, रविवारी सायकल काढतो. त्या रविवारवर लोखंड्यांची सही आहे.

सायकल आपल्याकडे आली ती साहेबाची आणि बड्या लोकांची म्हणून. पण तिच्यावर पहिला मोठा पराक्रम केला तो मुंबईच्या तरुण पारशांनी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करत १८ मार्च १९२८ रोजी त्यांतले तिघे परतले. त्यांची नावे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर झाले होते. आजच्यासारखे गिअर नाहीत, नकाशे तुटपुंजे, ट्यूबमध्ये गवत कोंबून चालवण्याची वेळ यावी असे रस्ते. पुढे १९३१ साली त्यांनी या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची होती.

स्वातंत्र्यानंतर सायकलचे कारखाने निघाले. मद्रासला टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ साली, लुधियान्याला हिरो १९५६ साली. मग सायकल मध्यमवर्गाची झाली आणि त्यानंतर कामगाराची. माझ्या पिढीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला आठवत असेल. दरवर्षी कर भरून तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की चौकातला पोलीस थांबवून ट्यूबमधली हवा सोडत असे. सायकलवर कर होता, कायदा होता, याचाच अर्थ रस्त्यावर तिची दखल होती.

मी जुन्या नाशकात वाढलो. भद्रकालीच्या आसपास भाड्याच्या सायकलींची दुकाने होती. अर्ध्या तासाला पंचवीस पैसे द्यायचे आणि दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, वाकड्या अंगाने मोठी सायकल चालवायची. आमच्या घरी स्वतःची सायकल होती, पण तिला हात लावायची परवानगी नव्हती. ती अब्बांची कामावर जायची सायकल. ते सातपूरच्या एका कारखान्यात होते. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर, तिन्ही पाळ्यांना, पावसात खांद्यावर इरलं घेतल्यासारखी प्लॅस्टिकची गोणी घेऊन. नाशिकरोडच्या दोन्ही सरकारी छापखान्यांची पाळी सुटली की तिथेही असाच सायकलींचा लोंढा बाहेर पडे. शहराचे घड्याळ त्या लोंढ्यांवर लावावे असे ते दिवस.

रविवारी अब्बा सायकल अंगणात सीट आणि हँडलवर उलटी उभी करत. चेन काढून रॉकेलच्या ताटलीत टाकत. छर्रे एकेक करून फडक्यावर मांडत, ग्रीस भरत, चाक फिरवून बोट टेकवत, त्याचा आउट काढत. मी म्हणे, “अब्बा, आज सुट्टी आहे, सायकलवर फिरायला जाऊ या.” ते म्हणत, “बेटा, आज तिचीही सुट्टी आहे.” सहा दिवस ज्याचे पाय तिच्यावर चालले, त्याला सातव्या दिवशी हौसेने चढ चढायला सांगणे म्हणजे काय, हे मला फार नंतर समजले. एकदाच, एका थंडीत, ते मला पुढच्या दांड्यावर बसवून पांडवलेणीला घेऊन गेले होते. चढाला उतरून सायकल हातात धरून चालले. वर उषवदाताचा लेख होता, पण आम्हा दोघांनाही तो वाचता येत नव्हता. अब्बा लेण्याच्या ओट्यावर टेकले, दूरवर दिसणाऱ्या शहराकडे बोट करून म्हणाले, “इथून कारखाना किती लहान दिसतो!” सहल म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. जिथे आपण रोज राबतो ती जागा दुरून पाहता येणे.

चौथी गोष्ट सांगायची राहिली. दुरुस्त करणारा हात. गुळगुळीत टायरचा काटा शोधणारा, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुड्यावर बोट ठेवणारा, सोल्युशन लावून फुंकर मारणारा. सायकलच्या प्रवासाच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे नाव येत नाही. आमच्या मोहल्ल्यात असे हात पुष्कळ होते. हल्ली ‘पंक्चरवाला’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो आणि तो कोणाकडे फेकला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. मला त्या शब्दाचा राग येत नाही, नवल वाटते. भर उन्हात रस्त्याकडेला बसून दुसऱ्याचा अडलेला प्रवास पुढे चालू करून देणे, हे काम हिणवण्याचे कधीपासून झाले? उषवदाताने नदीवर नाव ठेवली, याने वडाखाली पंप ठेवला. पुण्याचा हिशेब करायचा तर दोन्ही एकाच खात्यावर जमा व्हायला हवे.

सायकलने माणसे जोडता येतात हे महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी दाखवून दिले. १९८५च्या डिसेंबरमध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. बाबांचा पाठीचा कणा बसू देत नव्हता, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. तो काळ पंजाब पेटलेला असतानाचा. पुढे १९८८ साली अशीच दुसरी यात्रा अरुणाचलातून गुजरातकडे निघाली. मोटारीतून भाषण देत जाता येते, पण गावातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बोलायचे तर सायकलच बरी.

आणि आजचे नाशिक? या शहराने गेल्या काही वर्षांत सायकलच्या जगात जे केले त्याचा अभिमान वाटावा. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही समुद्र ते समुद्र, जवळपास अठ्ठेचाळीसशे किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात आठ दिवस चौदा तास पंचावन्न मिनिटांत पूर्ण केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ साली तेव्हा नाशकात नेमणुकीला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नागपूरचे डॉ. अमित समर्थही त्याच वर्षी त्यांच्यामागोमाग पोचले. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची मंडळी दर आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरीची वारी करतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, अशा लांब पल्ल्याच्या फेऱ्या होतात. थंडीत कसारा घाट चढून येणारी मुले-मुली पाहिली की उर भरून येतो. तिकडे पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली दिसतात. त्यांचा रोजचा चढ कोणत्याही शर्यतीत मोजला जात नाही, पण आठवीनंतर शाळा सुटली नाही, हे त्यांचे पदक.

हे सगळे खरे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे पंचेचाळीस टक्के घरांत सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल एकवीस टक्के घरांत. म्हणजे तेव्हाही सायकल हे या देशातले सर्वांत जास्त घरांतले वाहन होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. आणि २०२० साली नेमक्या त्याच ३ जूनला अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या शेवटच्या कारखान्याला टाळे लागले. एकीकडे लाख-दोन लाखांची सायकल घेणारे वाढले, दुसरीकडे काळी, वीस-बावीस किलोंची, कॅरिअरवाली सायकल परवडते म्हणून चालवणारा रस्त्यावरून हटत गेला. कोणी हप्त्यावर मोटारसायकल घेतली, ते त्यांच्या भल्याचे झाले. ज्यांना तेही जमले नाही ते अजून आहेत. रात्रपाळीचे पहारेकरी आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत, पेपर टाकणारी मुले आहेत. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, पण या माणसाला पूर्वी जेवढी कडेची पट्टी होती तेवढीही उरली नाही. त्याच्या सायकलला मागचा लाल दिवा नाही, आणि अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसत नाही.

इंग्लंडच्या सायकलवाल्यांचा इतिहास आपल्याला दोन गोष्टी सांगतो. एक, हौशी माणसांनी एकत्र येऊन मागितले की मिळते. धोक्याच्या पाट्या मिळाल्या, चांगले रस्ते मिळाले, कायद्यात जागा मिळाली. दुसरी, आपल्यापुरतेच मागितले तर ते हातून निसटते. रविवारी डोंगरात जाणाऱ्याला रस्ता लागतो सहा तास. सोमवारी कामावर जाणाऱ्याला तो लागतो वर्षभर, दोन्ही वेळा. पहिल्याकडे आवाज आहे. त्याला महापालिकेत कोणाला भेटायचे ते माहीत असते, त्याचे पत्र वर्तमानपत्रात छापून येते. दुसऱ्याकडे तेवढा वेळही नाही.

म्हणून माझ्या सायकलस्वार मित्रमैत्रिणींना माझे एक मागणे आहे. तुम्ही अंजनेरीला जा, पहिन्याला जा, घाट चढा, मिसळ खा. थंडीतली ती सकाळ तुमच्या हक्काची आहे, लोखंड्यांनी तुमच्यासाठीही भांडण केले होते. पण महापालिकेकडे जाल तेव्हा सहलीच्या वाटेइतकाच आग्रह सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटेसाठी धरा. कारखान्याच्या फाटकाशी सायकलींना छप्पर मागा. पाळी सुटते त्या वेळी रस्त्यावरचे दिवे लागलेले असावेत, असे मागा. वाटेत एखाद्याच्या सायकलला मागे दिवा नसेल तर थांबा, नाव विचारा आणि एक लाल दिवा त्याच्या मडगार्डला लावून द्या. शंभर-दीडशे रुपयांचे काम आहे. आणि तेवढ्या थांबण्यात त्याची तुमची ओळख होईल. इतकी वर्षे एकाच रस्त्याने जाऊनही राहून गेली होती, ती.